विश्लेषण : एक विद्यार्थी घटला, तर शाळेचे १५ हजार जाणार?

पळस्पेसारख्या गावातील जिल्हा परिषद शाळांना ‘समग्र शिक्षा’तून वार्षिक अनुदान मिळते. त्यात केंद्राचा वाटा ६० टक्के, राज्याचा ४०. रक्कम पटावरून ठरते. केंद्राच्या निकषांनुसार ३१ ते १०० विद्यार्थी असतील तर २५ हजार, ३० किंवा त्याहून कमी असतील तर १० हजार रुपये. महामार्गालगतच्या गावातून कामासाठी आलेले एखादे कुटुंब हलले, तरी फटका बसू शकतो. वीजबिल मात्र तेवढेच!

यातील किमान १० टक्के स्वच्छतेवर खर्च करावे लागतात. शिक्षण हक्क कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत ७५ टक्के पालक आणि ५० टक्के महिला हव्यात. अनुदानाच्या विनियोगावर लक्ष ठेवणे हे याच समितीचे काम. त्यामुळे खर्चाच्या पावत्या मागणारे पालक आगाऊपणा करत नाहीत. कलम २१ ने सोपवलेलेच काम करतात.