वळणावरच्या गटाराची जाळी का खडखडते?

फोंडाघाट देवगड-निपाणी मार्गावर, घाटाच्या पायथ्याशी आहे. वळणावर रस्ता आतल्या बाजूला उतरता ठेवतात, त्यामुळे पावसाचं पाणी आतल्या कडेला धावतं. घाटात तिथे उघडं गटार चालतं. पण बाजारपेठेत किंवा फरसबंदी आवारात गटारावरून माणसं चालतात, गाड्या जातात. तिथे जाळी लागतेच.

अडचण अशी, की तयार जाळ्या बहुतेक सरळ असतात. आतली कड 10 मीटर त्रिज्येची असेल आणि त्यावर 30 सेंमी रुंद, 1 मीटर लांब जाळ्या लावल्या, तर बाहेरच्या बाजूला प्रत्येक जोडात सुमारे 3 सेंमीची पाचर उघडी राहते. सायकलचं चाक अडकायला तेवढी पुरे. अर्ध्या मीटरचे तुकडे घेतले की फट निम्मी होते. ती पूर्ण घालवायची तर जाळी आणि फ्रेम दोन्ही गोलाईत बनवून, नंबर टाकून मागवावी लागतात. खर्च वाढतो तो इथेच.

खडखडाटाचं मूळ मात्र बहुधा फ्रेममध्ये असतं. ती काँक्रीटमध्ये घट्ट आणि समपातळीत बसली नसेल, तर महागडी जाळीही डुलते.

पाण्याचा हिशोब सोपा आहे: 1000 चौरस मीटरवर ताशी 100 मिमी पाऊस म्हणजे सेकंदाला जवळपास 28 लिटर. पालापाचोळ्याचा हिशोब कुणी करत नाही, म्हणून जाळी सहज उचलता येणारी हवी.