सुरतेचा खडखडाट

सुरत म्हटले की मराठी मनाला दोन आवाज ऐकू येतात. एक, जानेवारी 1664 मध्ये त्या धनाढ्य बंदराच्या वेशीवर येऊन थडकलेल्या शिवछत्रपतींच्या घोडदळाच्या टापांचा. दुसरा, डिसेंबर 1907 मधील काँग्रेस अधिवेशनाच्या मंडपातला. लोकमान्य व्यासपीठावर हाताची घडी घालून उभे होते आणि जोडे, खुर्च्या यांचा वर्षाव चालला होता. दोन्ही आवाज इतिहासजमा झाले. आजच्या सुरतेचा आवाज निराळा आहे, आणि त्याची बखर अद्याप कोणी लिहिलेली नाही. तो आवाज यंत्रमागांचा.

उधना, लिंबायत या भागांत पाऊल टाकताच तो खडखडाट अंगावर येतो. आत बारा-बारा तासांच्या पाळ्यांत उभे असतात ते ओडिशातील गंजम जिल्ह्याचे आणि तापीच्या वरच्या अंगाच्या आमच्या खानदेशातले कारागीर. उडिया असो वा अहिराणी, मागापाशी कोणतीच भाषा चालत नाही. हातवारे आणि ओठांची हालचाल हीच तिथली बोली. पाहुण्याचे डोके दहा मिनिटांत उठते, कारागिराची मात्र तक्रार नसते. का नसावी? त्याच्या लेखी माग वाजतो म्हणजे मजुरी पिकते. आवाज थांबला की काय होते, हे मुंबईच्या गिरणगावाने 1982 च्या संपानंतर अनुभवले. सुरतेने ते 2020 मध्ये पाहिले. टाळेबंदीत माग मुके झाले आणि एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात हेच कामगार थकलेली मजुरी आणि गावाची वाट मागत रस्त्यावर उतरले. ज्या शांततेसाठी आम्ही सुखवस्तू माणसे आसुसलेलो असतो, ती त्यांना उपासमारीची वर्दी वाटली.

आमच्या किनाऱ्यावरही रात्री दहानंतरच्या संगीतावरून वाद रंगतात, अर्ज होतात, न्यायालयाची पायरी चढली जाते. ते योग्यच आहे. आम्हीही त्या बाजूचे. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागाला दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबलची मर्यादा घालून दिली आहे. पण हा नियम जागा होतो तो मुख्यतः कोणी तक्रार केली म्हणजे, आणि तक्रार करतो तो ज्याची रोजी त्या आवाजावर अवलंबून नाही असा गृहस्थ. धोट्याच्या मागापाशी आवाज सहज नव्वदीपार जातो. 55 आणि 95 या आकड्यांत अंतर दिसते चाळिसाचे. ध्वनीच्या तीव्रतेत ते दहा हजार पटींचे असते! गोंगाटाने येणारे बहिरेपण 1987 मध्येच कारखाना कायद्याच्या दखलपात्र रोगांच्या यादीत दाखल झाले. परंतु जो माग कारखाना म्हणून नोंदलेलाच नाही, त्याच्या दारात निरीक्षक कशाला जाईल? अनेक लहान मागांची नोंदणी दुकान-आस्थापना म्हणून होते. दुकानात म्हणे बहिरेपण येत नसावे.

कामगाराला सवय झाली आहे, असे मालक सांगतात. सवय मनाला होते; कानाच्या आतील सूक्ष्म पेशींना होत नाही, आणि एकदा मेल्या की त्या पुन्हा उगवत नाहीत. म्हणूनच तक्रारीची वाट न पाहता प्रत्येक मागकऱ्याच्या कानांची वर्षाकाठी तपासणी व्हावी, तिचा खर्च मालकाने सोसावा आणि कारखाना लहान आहे ही सबब ऐकून घेऊ नये. सुरतेचे कापड देशभर जाते. त्याच्या किमतीत सुताचा, विजेचा, वाहतुकीचा हिशेब असतो. वीस वर्षे माग चालवून नंदुरबारच्या गाडीने घरी परतलेल्या विणकराला ओट्यावरून नातवाने मारलेली हाक ऐकू आली नाही, तर ती तूट कोणत्या वहीत मांडायची, हे मागमालकांनी आणि गुजरात सरकारने एकदा सांगून टाकावे.