कृतज्ञता हातांतही हवी

“सर, उर्दू शिकून काय मिळणार?” असं पालक मला विचारतात. निवडणुकीचं काम, ऑनलाइन माहिती भरणं यात दिवस गेला की तोच प्रश्न मलाही पडतो. पगार होतो, एवढ्यावरच शुक्र मानायचा का?

आपला धाराशिव जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि संस्थानाची राजभाषा उर्दू होती. २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या कामासाठी मराठवाड्यात कुणबी नोंदी शोधणं सुरू झालं. जुने दस्त उघडले, तर त्यांत मोडीबरोबर उर्दूही निघाली. मग ती वाचणाऱ्यांची गरज पडली. ‘मुसलमानांची भाषा’ म्हणून आपण जिला बाजूला ठेवतो, तिच्यात मराठा शेतकऱ्याच्या पणजोबाची नोंद सापडू शकते.

मला माझ्या कामाचा अर्थ इथे दिसतो. आज गिरवून घेतलेलं अलिफ-बे उद्या कोणाच्या उपयोगी पडेल, सांगता येत नाही.

आपले बुजुर्ग सांगत आले आहेत की शुक्र, म्हणजे कृतज्ञता, दिलात असावी, जिभेवर असावी आणि हातापायांतही असावी. ‘अल्हम्दुलिल्लाह’ आपण सहज म्हणतो; हातापायांचा शुक्र मात्र राहून जातो. मिळालेलं इल्म लोकांच्या कामी आणणं, हाच तो शुक्र. शिक्षकाच्या रिकाम्या जागेसाठी अर्ज करणं, पाठपुरावा करणं हेही त्यातच येतं. शुक्रगुजार माणसाने हक्क मागू नये, असं मला वाटत नाही.