यंत्र दिले, सोबत कोण देणार?

पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी अस्तित्वात आला. या जिल्ह्याच्या पश्चिमेला तारापूरची औद्योगिक वसाहत आहे आणि पूर्वेला, नाशिकच्या सीमेला टेकून, जव्हार आणि मोखाडा हे तालुके आहेत. भात, नाचणी, वरईची कामे आटोपली की दिवाळीनंतर येथील कुटुंबेच्या कुटुंबे भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर निघतात. मुले आईबापांबरोबर जातात आणि त्यांची शाळा मागे राहते. १९९२ साली जव्हार तालुक्यातील वावर-वांगणीत बालके दगावली, तेव्हा सारे राज्य हादरले. तेव्हापासून कुपोषणाची चर्चा थांबलेली नाही. मात्र त्या चर्चेत आहार आणि औषधे जितकी येतात, तितका गावातला रोजगार येत नाही.

शासनाने काहीच केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. आदिवासी विकास महामंडळ १९७२ पासून आहे. एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय जव्हारलाच आहे. रोजगार हमीचा कायदा १९७७ साली झाला. खावटी कर्जे झाली, बचत गट झाले, स्वयंरोजगाराची शिबिरे झाली. एवढे होऊनही स्वतःच्या पायावर उभा राहून आणखी चार जणांना काम देणारा धंदा या भागात विरळाच का दिसतो, हा खरा प्रश्न आहे.

समजा, मोखाड्यातील एका बचत गटाने नाचणीचे पापड करायला घेतले. प्रशिक्षण झाले, यंत्र आले, प्रदर्शनात मालही खपला. पुढे काय होते? दर ठरवताना बायका स्वतःची मजुरी धरत नाहीत, त्यामुळे विक्री वाढली तरी हातात काही उरत नाही. दुकानदार माल ठेवून घेतो, पैसे महिन्याने देतो. पावसाळ्यात वाळवण बंद पडते आणि भांडवल घरखर्चात जाते. यातली एकही अडचण डोंगराएवढी नाही. पण अडचण येते त्या दिवशी विचारायला माणूस लागतो, आणि तीन दिवसांच्या शिबिरातला व्याख्याता तोवर आपल्या घरी पोहोचलेला असतो.

पुरावा जिल्ह्यातच

असा जाणकार माणूस मिळाला तर काय फरक पडतो, याचा पुरावा शोधायला फार लांब जावे लागत नाही. स्टॅनफर्ड विद्यापीठ आणि जागतिक बँकेच्या अर्थतज्ज्ञांनी तारापूर आणि गुजरातेतील उंबरगाव येथील कापड गिरण्यांत एक प्रयोग केला. काही गिरण्यांत सल्लागार काही महिने सतत येत राहिले. सुताच्या साठ्याची नोंद, यंत्रांची वेळेवर देखभाल, कापडातील दोषांचा रोजचा हिशेब अशी साधी शिस्त त्यांनी लावून दिली. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, पहिल्याच वर्षात या गिरण्यांची उत्पादकता १७ टक्क्यांनी वाढली. शेकडो कामगार बाळगणाऱ्या मालकांनाही या साध्या गोष्टी कोणी दाखवून दिल्याशिवाय सुचल्या नव्हत्या. मग जव्हारच्या पाड्यावरील बाईला त्या आपोआप सुचाव्यात, ही अपेक्षा आपण कशाच्या बळावर करतो?

छोट्या धंद्यांबाबतचा अनुभव केनियातला आहे. नैरोबीच्या डंडोरा वस्तीत धंदा करणाऱ्या काही स्त्रियांना वर्गात बसवून शिकवले गेले. काहींची गाठ त्याच वस्तीत धंद्यात मुरलेल्या बाईशी घालून दिली गेली. वर्गातल्यांच्या नफ्यात फरक पडला नाही. गाठ घालून दिलेल्यांचा नफा सरासरी २० टक्क्यांनी वाढला. मात्र भेटीगाठी थांबल्या तसा हा लाभही ओसरत गेला. म्हणजे वर्गातल्या धड्यापेक्षा ओळखीच्या माणसाची संगत कामी आली, आणि तीही टिकली तेवढेच दिवस.

आपल्याकडे हे कोणाला उमगलेले नाही, असेही नाही. १९९२ सालीच स्थापन झालेल्या भारतीय युवा शक्ती ट्रस्टने तारणाशिवाय कर्ज मिळवून देताना प्रत्येक तरुणामागे एक अनुभवी मार्गदर्शक उभा करण्याची पद्धत रुजवली. पुणे परिसरातही तिचे काम आहे. सातारा जिल्ह्यात म्हसवडला १९९७ साली चेतना सिन्हा यांनी माणदेशी महिला बँक सुरू केली. नुसत्या कर्जाने भागत नाही, हे जाणून पुढे २००६ साली ग्रामीण उद्योगिनींसाठी शाळा काढली आणि ती बसमध्ये घालून गावोगाव नेली.

खुद्द जव्हारमध्ये 'बाएफ'च्या वाडी कार्यक्रमाने हेच केले. एकरभर जमिनीत आंबा-काजूची कलमे लावायची, ती धरेपर्यंत मध्ये भाजीपाला घ्यायचा, मोगरा लावायचा, आणि कार्यकर्त्याने काही वर्षे त्या कुटुंबाकडे येत राहायचे, अशी ही रीत. मोगऱ्याचा बहर उन्हाळ्यात, म्हणजे नेमका वीटभट्टीच्या दिवसांत येतो. पहाटे कळ्या खुडायला हात लागतात, आणि ते हात गावातच राहतात.

पाण्याशिवाय सल्ला कोरडा

आक्षेप असा येईल की, सल्ल्याने पाणी येत नाही. तो खरा आहे. मुंबईची तहान भागवणारे मध्य वैतरणा धरण मोखाड्याच्या अंगणात आहे आणि उन्हाळ्यात मोखाड्याच्या पाड्यांवर टँकर फिरतात. पाणी, रस्ता आणि पतपुरवठा नसेल तर कितीही शहाणा मार्गदर्शक हात टेकेल. सोबत हा या गोष्टींना पर्याय नव्हे. पण या गोष्टी मिळाल्यावरही धंदे का बुडतात, याचे उत्तर बहुधा सोबतीच्या अभावात सापडते.

करायचे काय, हेही अवघड नाही. 'उमेद' अभियानाने गावातल्याच स्त्रियांना समुदाय संसाधन व्यक्ती म्हणून पुढे आणले, ही दिशा योग्य आहे. तिच्यात आणखी दोन गोष्टींची भर हवी. पहिली, मार्गदर्शक बाहेरचा पदवीधर नसून वाडी किंवा मोगरा उभा केलेला याच पट्ट्यातला, वारली-कोकणा बोलणारा शेतकरी असावा आणि त्याच्या दिवसाची मजुरी योजनेत धरलेली असावी. दुसरी, किती जणांना प्रशिक्षण दिले आणि किती यंत्रे वाटली, ही मोजणी पुरेशी मानू नये. दोन पावसाळे उलटल्यावर त्यातले किती धंदे चालू आहेत आणि दिवाळीनंतर पाड्यावरची किती घरे उघडी आहेत, हे मोजावे. कुलूप न लागलेले प्रत्येक घर म्हणजे शाळेत राहिलेली दोन-तीन मुले असतात. जव्हार-मोखाड्यातील कोणत्याही योजनेची परीक्षा तेथेच व्हायला हवी.