नितळ पाणी आणि प्रकाशाची रेघ

पाणी गाळून पिण्याची शिस्त जैन घरांत पिढ्यान्‌पिढ्या पाळली जाते. मात्र गाळलेले पाणी नितळ दिसले की त्यात काहीच उरले नाही, असा समजही तिच्यासोबत रुजतो. सभागृहात पडद्यावरील चित्र दाखविण्यासाठी वापरतात तो लेझर पॉइंटर या समजाची परीक्षा घेऊ शकतो.

अंधाऱ्या खोलीत काचेचे दोन पेले ठेवावेत. एकात ऊर्ध्वपातित पाणी घ्यावे, दुसऱ्यात तेच पाणी घेऊन दुधाचा एक थेंब मिसळावा. बाजूने किरण सोडल्यास पहिल्या पेल्यात तो जवळजवळ दिसत नाही. दुसऱ्यात मात्र प्रकाशाची ठळक रेघ उमटते. तरंगणारे कण प्रकाश चहूकडे विखुरतात, त्यातील काही आपल्या डोळ्यांत येतो. मायकेल फॅरडे यांनी १८५७ साली सोन्याच्या अतिसूक्ष्म कणांच्या द्रवात हा प्रकार पाहिला. पुढे जॉन टिंडल यांनी त्याचा सखोल अभ्यास केला, म्हणून त्यास ‘टिंडल परिणाम’ म्हणतात. कण अतिशय लहान असल्यास हिरवा किरण लाल किरणाच्या दुपटीहून अधिक विखुरतो. म्हणून हिरव्या पॉइंटरने रेघ अधिक स्पष्ट दिसते.

वस्त्राने गाळलेल्या पाण्यातही बहुधा ही रेघ दिसते. त्यावरून गाळणे व्यर्थ ठरत नाही. बांगलादेशातील खेड्यांत जुन्या साडीच्या अनेक घड्यांतून पाणी गाळल्याने पटकीचे रुग्ण सुमारे ४८ टक्क्यांनी घटले, असे रिटा कोलवेल व सहकाऱ्यांनी २००३ साली दाखविले. कारण पटकीचे जंतू ज्या सूक्ष्म जलजीवांना चिकटून राहतात, ते वस्त्रात अडकतात. मातीचे बारीक कण मात्र वस्त्रातून निसटतात. त्यांच्यावरील समान विद्युतभारामुळे ते एकमेकांना दूर लोटतात व खाली बसत नाहीत. तुरटी तो भार नाहीसा करते, कणांचे पुंजके होतात आणि गाळ तळाशी बसतो.

गढूळपणा मोजणारी उपकरणेही काटकोनात विखुरलेला प्रकाशच मोजतात. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्याचा गढूळपणा १ एककापर्यंत असावा. दुसरा स्रोत नसल्यास ५ एककांपर्यंत चालतो. कणांच्या आडोशाला जंतू क्लोरीनपासून बचावतात, म्हणून ही मर्यादा महत्त्वाची आहे.

तथापि रेघ कणांचे अस्तित्व सांगते, त्यांचे स्वरूप नाही. फ्लोराइड, आर्सेनिक, नायट्रेट हे विरघळलेले पदार्थ किरणाला दिसत नाहीत, आणि पाणी उकळल्यानेही जात नाहीत. त्यामुळे रेघ दिसली नाही तरी विंधन विहिरीचे पाणी प्रयोगशाळेत तपासून घ्यावे. रेघ दिसल्यास पाणी तुरटीने निवळून, गाळून व उकळून वापरावे. प्रयोग करताना किरण अथवा काचेवरून परावर्तित झालेला झोत कोणाच्याही डोळ्यांत जाऊ देऊ नये. पॉइंटर मुलांच्या हाती देऊ नये.