वजन बैलावर नको, तोल गटात साधा

संक्रांत जवळ आली की हिंगोली, वाशिम, यवतमाळच्या पट्ट्यात शंकरपटाची, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतींची, पत्रकं झळकू लागतात. पहिल्या बक्षिसाचा आकडा त्यावर सर्वांत मोठा असतो. कोणती जोडी कोणत्या गटात धावणार हे मात्र एका ओळीत उरकलेलं असतं: खुला गट, तालुका गट, गावगट. पटाच्या दिवशी मैदानावर जे वाद पेटतात, त्यांतले बरेचसे याच ओळीतून निघतात. म्हणून आज या सदरात गटांविषयी लिहितो आहे.

दोन जोड्या डोळ्यांसमोर आणा. एक खिलारांची, हलक्या हाडाची, लांब टांगांची. ती पटासाठीच विकत घेतलेली आहे. तिचा खुराक निराळा, सराव नेमाचा, आणि नांगर तिला ठाऊकच नाही. दुसरी जोडी लाल कंधारी. पावसाळाभर तिनं वखर ओढला, डवरा ओढला, सुगीत गाडी ओढली, आणि आता मालकाच्या हौसेनं ती पटावर आली आहे. दोन्ही जोड्या गावगटातच, कारण दोन्ही मालकांचा पत्ता एकाच गावचा. घड्याळ सुरू व्हायच्या आधीच निकाल ठरलेला असतो. पत्ता मालकाचा असतो, धावायचं बैलांना असतं. गट पाडायचे तर ते बैलांकडे बघून पाडायला हवेत.

मोटार शर्यतीवाल्यांनी याच प्रश्नावर बराच खल केला आहे. वेगवेगळ्या कंपन्यांच्या गाड्या एका वर्गात धावतात. कुणाचं इंजिन पुढे, कुणाचं मागे, कुणाचं मोठं, कुणाचं टर्बो लावलेलं. जुना उपाय इंजिनाच्या आकारावरून वर्ग पाडण्याचा. लोणावळ्याजवळ अ‍ॅम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर ड्रॅग शर्यती झाल्या, त्यांतही इंजिनाच्या क्षमतेवरून वर्ग होते. टर्बोमुळे छोटं इंजिन मोठ्याची ताकद दाखवतं, म्हणून आंतरराष्ट्रीय मोटार महासंघानं पेट्रोलच्या टर्बो इंजिनाची क्षमता १.७ नं गुणायचा नियम केला. १४०० सीसीचं टर्बो इंजिन २३८० सीसीचं धरून वर्गात बसवायचं. दुसरा उपाय, सगळ्यांना एकसारखीच गाडी देण्याचा. फोक्सवॅगननं २०१० मध्ये आपल्याकडे पोलो कप सुरू केला तो असाच.

तिसरा उपाय म्हणजे ‘बॅलन्स ऑफ परफॉर्मन्स’. २००६ साली युरोपात जीटी-३ वर्गाची शर्यतमालिका सुरू झाली ती याच पद्धतीवर. आयोजक प्रत्येक गाडीची चाचणी घेतात. जी फार पळते तिच्यात वजन ठेवायला लावतात किंवा तिची ताकद कमी करतात, म्हणजे सगळ्यांची फेरीची वेळ जवळपास येते. हे आकडे प्रत्येक ट्रॅकसाठी निराळे काढावे लागतात, कारण लांब सरळ रस्त्यावर ताकद चालते आणि वळणावळणाच्या ट्रॅकवर वजन नडतं.

या उपायाचे फायदे दिसतात, तसे तोटेही. फ्रान्समधल्या ल माँ इथली २४ तासांची शर्यत २०२३ मध्ये शंभर वर्षांची झाली. टोयोटानं त्याआधीची सलग पाच वर्षं ती जिंकलेली. शर्यत १० जूनला सुटायची होती आणि ३१ मे रोजी याच पद्धतीचे नवे आकडे आले: टोयोटावर ३७ किलो जादा, फेरारीवर २४, कॅडिलॅकवर ११, पोर्शेवर ३. शर्यत फेरारीनं जिंकली. टोयोटा दीड मिनिटाहूनही कमी अंतरानं दुसरी आली. टोयोटाची नाराजी लपली नाही. फेरारीची गाडी उत्तम होती यात शंका नाही. पण शर्यतीच्या तोंडावर नियम हलला, की जिंकणाऱ्याच्या विजयावरही प्रश्नचिन्ह बसतं, ते असं. त्यातच ल माँ ज्या शर्यतमालिकेत मोडते तिच्या नियमांनुसार स्पर्धकांना या आकड्यांवर जाहीर बोलायची मनाई. न्याय करणाऱ्यावर बोलायचंच नाही म्हटलं, की शंका आतल्या आत वाढते.

दुसरी खोट याहून मोठी. वेग दाखवला की वजन चढतं हे कळल्यावर संघ आधीच्या शर्यतींत वेग लपवू लागतात. न्यायासाठी केलेला नियम मग लपवाछपवीला बक्षीस देतो.

हे सगळं पाहून कुणी म्हणेल, आपणही जिंकणाऱ्या जोडीच्या छकड्यावर वाळूचं पोतं ठेवू. माझा याला ठाम विरोध आहे. महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर हँडिकॅप शर्यतींत जास्त गुणांकनाच्या घोड्याच्या पाठीवर जास्त वजन देतात. ती त्या खेळाची जुनी रीत असेल, आपल्या पटात तिला जागा नको. गाडीतलं वजन लोखंड सोसतं. बैलाला ते खांद्यानं, गुडघ्यानं, छातीनं सोसावं लागतं. आपल्याला हा खेळ परत कसा मिळाला ते विसरून चालणार नाही. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयानं बैलांच्या शर्यती थांबवल्या त्या बैलांच्या हालांमुळे. २०१७ मध्ये राज्यानं कायदा दुरुस्त केला, १६ डिसेंबर २०२१ रोजी शर्यतींना अटींसह परवानगी मिळाली, आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठानं तो कायदा उचलून धरला. धावपट्टी १,००० मीटरपेक्षा लांब नको, काठी-चाबूक नको, विजेचा झटका नको, पशुवैद्यकाची तपासणी हवी, या अटींवर आज पट उभा आहे. बरोबरी साधण्याच्या नावाखाली बैलाचा भार वाढवणं हे त्या अटींच्या हेतूवरच पाय देणं होईल.

म्हणून तोल साधायचा तो गटांच्या आखणीत. त्यासाठी लागणारी मापं आपल्या हाताशी आहेत.

पहिलं माप दातांचं. बैलाला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात. खालच्या आठ दातांवरून वय कळतं. आदत म्हणजे दुधाचे दात असलेला, मग दुसा, चौसा, सहादाती आणि शेवटी जुळलेला. साधारण अडीच वर्षांच्या आसपास पहिली जोडी पडते आणि पाचव्या वर्षाच्या सुमारास तोंड जुळतं. पश्चिम महाराष्ट्रात आदत आणि दुसा गटांच्या शर्यती सर्रास होतात. तपासणीला आलेल्या पशुवैद्यकानं त्याच वेळी दात मोजून लिहिले, तर वयाचा वाद मैदानात शिरणारच नाही.

दुसरं माप जातीचं. खिलार चपळाईसाठी नावाजलेला, देवणी आणि लाल कंधारी शेतकामासाठी. मोटार शर्यतीत ज्याला वेगवेगळ्या बनावटी म्हणतात, तशाच या. लाल कंधारी तर आपल्या नांदेड-परभणी-हिंगोली भागाचं जनावर. ट्रॅक्टर आल्यावर दावणीची जोडी कमी होत चालली आहे. त्या जातीसाठी स्वतंत्र गट ठेवला, तर शेतकऱ्याला ती पोसण्याचं एक कारण मिळेल. हिंगोलीच्या पटानं हे करायला हवं असं मला मनापासून वाटतं.

तिसरं माप घड्याळाचं. आपल्याकडच्या पटात जोडी सेकंदाच्या हिशेबावर धावते, त्यामुळे प्रत्येक धावेची वेळ आपोआप नोंदली जाते. मात्र काळ्या मातीच्या पट्टीवरची वेळ आणि मुरमाच्या पट्टीवरची वेळ सारखी धरता येत नाही. अंतरही गावागणिक बदलतं. म्हणून नुसते सेकंद न धरता, त्या मैदानावरच्या सर्वांत वेगवान जोडीपेक्षा ही जोडी किती टक्के मागे राहिली ते धरावं. फरक कमी ती जोडी वरच्या गटात, जास्त ती खालच्या गटात. वेग लपवण्यावर उतारा असा, की हंगामातली शेवटची नव्हे, सर्वांत चांगली वेळ मोजायची. एकदा दाखवलेला वेग पुसता येणार नाही. आणि खालच्या गटात एखादी जोडी अपेक्षेपेक्षा जोरात धावली तर तिचं बक्षीस काढून घेऊ नये. पुढच्या पटाला ती वरच्या गटात जावी. आजचा निकाल आजच्याच नियमानं लागला पाहिजे.

नोंद ठेवायची कशावर? जनावरांच्या कानात बारा अंकी बिल्ला असतो. वेळ त्या क्रमांकावर लिहा. बैल विकला गेला, नाव बदललं, दुसऱ्या तालुक्यातून आला, तरी त्याची वेळ त्याच्याबरोबर येईल. जोडीतला एक बैल बदलला तर जुनी वेळ उरलेल्या बैलाच्या नावावर राहीलच.

यावर एक आक्षेप हमखास येतो: ज्याचा बैल पळतो त्यानं जिंकावं, गटांची ही भानगड कशाला? खुला गट आहेच त्यासाठी, आणि सर्वांत मोठं बक्षीस तिथंच असावं. खिलारवाल्यानंही जनावरावर पैसा आणि वेळ घातलेला असतो. त्याच्या मेहनतीचा मान खुल्या गटात पुरा मिळावा. पण फक्त खुलाच गट उरला, तर हळूहळू पटावर मोजकेच मालक उरतील आणि बाकीचं गाव बघ्याच्या रांगेत जाईल. दुसरी भीती अशी, की गट वाढले म्हणजे बैलांच्या धावा वाढतील. एक जोडी एका पटात एकाच गटात, हा नियम घातला की ती भीती मिटते.

यात खर्च फारसा नाही. एक वही, दात मोजणारा पशुवैद्यक, आणि पटाच्या आठ दिवस आधी ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावलेली गटांची यादी. हरकत घ्यायची ती यादी लागल्यापासून ठरलेल्या मुदतीत, सगळ्यांसमोर, लेखी. स्वतःची जोडी धावणाऱ्याला गट ठरवणाऱ्या पंचांत बसवू नये. हिंगोली जिल्ह्यातल्या पाचही तालुक्यांच्या पट समित्यांनी पशुसंवर्धन विभागाला सोबत घेऊन या हंगामाआधी एक बैठक घ्यावी आणि हे निकष एकच ठेवावेत, म्हणजे सेनगावात खालच्या गटात बसलेली जोडी कळमनुरीत त्याच मापानं मोजली जाईल. सगळं एकदम जमणार नसेल तर निदान लाल कंधारीचा गट यंदाच सुरू करा. शेतात राबलेल्या जोडीला आपल्यासारख्याच जोडीशी धावायला मिळणं, हा तिच्या मालकाचा हक्क आहे.