वेसाव्याचं मासिक काढताय? मग मुखपृष्ठ सांभाळा

वर्सोव्यात कुणी रोजच्या कल्पकतेवर छोटं मासिक काढणार असेल, तर माझं एक म्हणणं आहे. मुखपृष्ठावर नट नको, नेता तर नकोच. आराम नगरात ऑडिशनला येणाऱ्या पोरांची गोष्ट जरूर घ्या. पण पलीकडच्या कोळीवाड्यात जाळं विणणारे, होडी रंगवणारे हातही कल्पकच आहेत. त्यांना आधी जागा द्या.

पैसा नाही, हे कारण नको. 1950 च्या दशकात अरुण कोलटकर, दिलीप चित्रे यांच्या मंडळींनी ‘शब्द’ सायक्लोस्टाइल करून काढलं. आज ए-फोरचे चार कागद दोन्ही बाजूंनी छापा, मधोमध दुमडा, दोन पिना मारा. झाली 16 पानं! ‘मुक्त’सारखा देवनागरी फॉन्ट फुकट मिळतो. फक्त ओळींत जागा मोकळी सोडा. वरचा उकार खालच्या वेलांटीत अडकला की आजी अंक बाजूला ठेवते.

खरा धोका शुभेच्छुकांचा. आधी एक जाहिरात, मग आतलं पान, मग मुखपृष्ठ, आणि शेवटी साहेबांचा वाढदिवस विशेषांक! त्यापेक्षा 20 रुपये किंमत ठेवा.

आणि हो, फोटोखाली नुसतं ‘कोळी महिला’ लिहू नका. तिला विचारून तिचं नाव छापा. वेसावच्या कोळीगीतांवर अख्खा महाराष्ट्र लग्नात नाचतो. ती लिहिणाऱ्यांची नावं किती जणांना ठाऊक आहेत?

पटतंय का? बोला.